संगमरवरात घडलेली राजसत्ता

पुण्याहून नगर रस्त्याने निघाल्यावर लागणारे वाघोली हे गाव २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले. आज उंच इमारतींनी आणि वाहनांच्या रांगांनी वेढलेल्या या गावाच्या जुन्या खुणा मात्र दोनच. एक म्हणजे वाघेश्वराचे मंदिर व त्याच्या परिसरातील पिलाजी जाधवराव यांची समाधी. आणि दुसरी म्हणजे गावाभोवतालच्या दगडाच्या खाणी. पुण्याच्या कित्येक घरांची, रस्त्यांची आणि पुलांची खडी या खाणींतून गेली आहे. समाधी आणि खाणी यांचा परस्परसंबंध वरवर पाहणाऱ्यास जाणवत नाही. परंतु राजसत्ता आपली आठवण कोणत्या दगडात आणि कोणत्या रूपात मागे ठेवते, या प्रश्नाचा विचार करू लागल्यास तो जवळचा आहे असे दिसून येते.

पिलाजी जाधवराव हे छत्रपती शाहू महाराज आणि थोरले बाजीराव यांच्या काळातील नामांकित सरदार. १७२९ मध्ये छत्रसालाच्या साहाय्यासाठी बाजीराव बुंदेलखंडात धावून गेले, त्या मोहिमेत पिलाजी होते. असा पराक्रमी पुरुष कालवश झाल्यावर त्याचे स्मारक दख्खनच्या पद्धतीप्रमाणे दगडात झाले. या पद्धतीत मान असे तो स्थानाला. चौथरा, त्यावरची छत्री, आतील शिवलिंग अथवा पादुका, शेजारी नदी किंवा देवालय, आणि पुजाऱ्याला लावून दिलेले इनाम, एवढ्याने मृताची प्रतिष्ठा पुरी होत असे. मृताचे नाक कसे होते, कपाळ रुंद होते की अरुंद, मिशा कशा होत्या, हे भावी पिढ्यांना दाखविण्याची निकड त्या काळच्या सरदाराला वाटत नव्हती. व्यक्तीचा चेहरा चित्रकाराने कागदावर रंगवावा; दगडावर कोरण्याचा मान देवाचा, असाच सर्वसाधारण समज होता.

नाणेघाटातील पावले

याचा अर्थ महाराष्ट्राला राजाची प्रतिमा घडविणे अगदीच अपरिचित होते, असा मात्र नाही. पुणे जिल्ह्यातच, जुन्नरजवळच्या नाणेघाटात, सातवाहनांनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका लेण्याच्या मागील भिंतीवर आपल्या घराण्याच्या प्रतिमांची रांगच कोरविली होती. घाटातून कोकणात उतरणाऱ्या आणि जकात भरणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याने राजघराणे डोळ्यांनी पाहावे, हा त्यामागचा हेतू उघड आहे. सिमुक सातवाहन, राणी नायनिका आणि राजा सातकर्णी, राजपुत्र आणि महारठी यांची नावे प्रतिमांच्या वर कोरलेली आहेत. आज तेथे गेल्यास काय दिसते? प्रतिमा नाहीशा झाल्या आहेत. काही ठिकाणी पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. नावे मात्र वाचता येतात. राजाचा चेहरा झिजून गेला आणि अक्षरे टिकली, असा हा विलक्षण प्रकार आहे.

त्यानंतरच्या दीर्घ काळात दख्खनमध्ये वीरगळ झाले, सतीशिळा झाल्या, देवळांच्या भिंतींवर दाते आणि भक्त कोरले गेले. पण हुबेहूब मुखवट्याचा आग्रह त्यांत नव्हता. यास दगडाचाही थोडासा हात होता. दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून घडला. तो कठीण, जड आणि बारीक कणांचा असतो. कोट, वाडा, घाट, पायरी यांसाठी त्याला तोड नाही. परंतु तो प्रकाश शोषून घेतो. गालावरचा सूक्ष्म उतार, पापणीची घडी, ओठाच्या कोपऱ्यातील किंचित हसू या गोष्टी काळ्या दगडात कोरता आल्या तरी दहा पावलांवरून दिसत नाहीत.

संगमरवराची जात वेगळी. चुनखडीच्या थरांवर पृथ्वीच्या पोटात उष्णता आणि दाब यांचा परिणाम होऊन तो बनतो. त्याचे कॅल्साइटचे स्फटिक प्रकाश किंचित आत घेतात आणि मग परत फेकतात. त्यामुळे घासून गुळगुळीत केलेला संगमरवर मानवी त्वचेसारखा भासतो. दख्खनच्या काळ्या खडकात तो सापडत नाही. राजस्थानातील मकराण्याचा संगमरवर उत्तरेतील राजवाड्यांना आणि देवळांना गेला. इटलीतील कराराचा संगमरवर युरोपातील राजांना आणि पुढे जहाजांतून हिंदुस्थानच्या बंदरांना आला. वाघोलीच्या परिसरात जो दगड पायाखाली आहे त्यात घर बांधावे आणि जो समुद्रापलीकडून आणावा लागतो त्यात राजा घडवावा, अशी विभागणी एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे झाली. दुर्मीळता हाच ऐश्वर्याचा पहिला पुरावा असतो, हे यावरून ध्यानात येईल.

तंजावरचा शुभ्र राजा

संगमरवरात आपली पूर्णाकृती प्रतिमा उभी करणाऱ्या आरंभीच्या हिंदी राजांपैकी एक राजा मराठी होता, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी सांगितली जात नाही. हा राजा म्हणजे तंजावरचे सरफोजीराजे भोसले, दुसरे. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी सतराव्या शतकात तंजावरला जे राज्य स्थापिले, त्या गादीवर ते १७९८ मध्ये बसले. त्यांचा जन्म १७७७ चा. तुळजाराजांनी त्यांना दत्तक घेतले. परंतु तुळजाराजांच्या मृत्यूनंतर अमरसिंगांनी सत्ता बळकावली आणि या दत्तक मुलाचे शिक्षण व संरक्षण यांची चिंता श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याने वाहिली. पुढे कंपनी सरकारने सरफोजींचा हक्क मान्य केला, पण त्याची किंमतही वसूल केली. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला, राजवाडा, नेमणूक आणि महसुलाचा एक हिस्सा एवढेच उरले.

तंजावरच्या राजवाड्यात नायक राजांनी बांधलेला जुना दरबार आहे. त्यातील काळ्या दगडाच्या प्रशस्त चौथऱ्यावर सरफोजीराजांचा शुभ्र संगमरवरी पुतळा उभा आहे. डोक्यावर तंजावरी पद्धतीची उंच, टोकदार पगडी, अंगावर दरबारी पोशाख आणि दोन्ही हात नमस्कारासाठी जोडलेले. हा पुतळा जॉन फ्लॅक्समन या विख्यात इंग्रज शिल्पकाराचा, असे आज सामान्यतः मानले जाते. जुन्या प्रवासग्रंथांत मात्र चँट्रीचे नाव दिलेले आढळते. दोघांपैकी कोणीही हिंदुस्थानात आला नव्हता. तेव्हा राजाचा चेहरा शिल्पकाराने चित्रांच्या आधारेच घडविला असणार.

हा पुतळा नीट समजून घ्यावयाचा तर त्याच्या थोडे आधी मद्रासेत काय आले होते ते पाहावे लागते. १८०० च्या सुमारास तेथे लॉर्ड कॉर्नवॉलिस याचा, टॉमस बँक्स याने घडविलेला संगमरवरी पुतळा उभा राहिला. त्याच्या बैठकीवर टिपू सुलतानाचे दोन मुलगे ओलीस म्हणून कॉर्नवॉलिसच्या स्वाधीन केले जात असल्याचा देखावा कोरलेला आहे. मुंबईतही कॉर्नवॉलिस आणि वेलस्ली यांचे संगमरवरी पुतळे आले. सत्ता कोणाकडे गेली हे सांगण्याची ही नवी भाषा होती. फर्मान वाचता न येणाऱ्यासही ती समजत होती. सरफोजीराजे इंग्रजी जाणणारे, ग्रंथसंग्रहाचे, शरीरशास्त्राचे, मुद्रणाचे आणि संगीताचे व्यासंगी. त्यांनी ही भाषा ओळखली आणि तिच्यातच आपला प्रतिवाद मांडला. कंपनीचा गव्हर्नर जनरल ज्या दगडात उभा राहतो, त्याच दगडात तंजावरचा भोसलेही उभा राहील. तोही आपल्या पगडीसह, आपल्या पोशाखात आणि पूर्वीच्या राजांच्या दरबारात.

हातातून कारभार गेल्यावर पुतळा उभारणे यात काहींना केविलवाणेपणा दिसेल. पण सरफोजींच्या इतर कृती शेजारी ठेवून पाहिल्यास हा निर्णय घाईचा ठरतो. १८०३ मध्ये त्यांनी बृहदीश्वराच्या देवालयाच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरविला. तो सर्वांत विस्तृत मराठी शिलालेख म्हणून प्रसिद्ध आहे. सरस्वतीमहाल ग्रंथालय त्यांनी असे वाढविले की त्यांचे नावच त्याला जोडले गेले. शिलालेख, ग्रंथ आणि पुतळा या तिन्ही गोष्टी एकच काम करतात. ज्या राज्याचा वर्तमानकाळ दुसऱ्याच्या हाती गेला आहे, त्याचा भूतकाळ तरी आपल्या हाती ठेवणे, हे ते काम होय.

सरफोजीराजे तंजावरात आणखी एके ठिकाणी संगमरवरात दिसतात. आपले गुरू श्वार्ट्झ यांच्या स्मरणार्थ त्यांनी फ्लॅक्समनकडूनच एक शिल्पपट करवून घेतला. मृत्युशय्येवरील गुरूंना भेटावयास आलेला तरुण राजा त्यात कोरलेला आहे. हे स्मारक तेथील चर्चमध्ये आहे. दरबारातील राजा ताठ, एकटा आणि कोणाच्याही नजरेत नजर न मिळविणारा. चर्चमधील राजा गुरूच्या बिछान्यापाशी आलेला शिष्य. एकाच माणसाची ही दोन रूपे जवळजवळ एकाच काळात, एकाच जातीच्या दगडात घडावीत, यापेक्षा त्या राजाच्या अवघड परिस्थितीचे बोलके वर्णन कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. १८३२ मध्ये ते वारले. १८५५ मध्ये त्यांचे पुत्र शिवाजीराजे निपुत्रिक वारताच कंपनीने संस्थानच खालसा केले. पुतळा जागेवर राहिला.

दगडाचे नियम आणि राजाची ऐट

संगमरवरी व्यक्तिशिल्प कसे तयार होते हे माहीत असल्यास राजांच्या पुतळ्यांची ठेवण अधिक चांगली कळते. शिल्पकार प्रथम दगडाला हात लावीत नाही. लोखंडी सांगाड्यावर ओल्या मातीत तो प्रतिमा घडवितो. नाक-डोळे, वस्त्रांच्या चुण्या, दागिने यांची सर्व निश्चिती मातीतच होते. मातीवरून प्लास्टरचा साचा घेतात आणि साच्यातून प्लास्टरची प्रतिमा काढतात. मग या प्रतिमेवर ठरावीक बिंदू नेमून, सरकत्या सुईच्या एका उपकरणाने त्या बिंदूंची खोली मोजून ती संगमरवराच्या ठोकळ्यावर उतरवितात. ठोकळ्यात तितक्या खोलीपर्यंत भोके पाडली की पाथरवट मधला दगड टाकीने उडवितो. शेकडो बिंदू जुळले म्हणजे दगडातून माणूस बाहेर येऊ लागतो. शेवटची घडाई, कानस आणि घोटाई यांसाठी शिल्पकार स्वतः किंवा त्याचा कसबी सहायक बसतो. म्हणजे पुतळ्याखाली नाव एकाचे असले तरी हात अनेकांचे असतात. आणि त्या अनेकांची नावे कोठेही कोरलेली नसतात.

संगमरवर दाब सोसतो, ताण सोसत नाही. लांब केलेला हात, उगारलेली तलवार किंवा एका पायावर तोललेले शरीर त्यात धोक्याचे ठरते. म्हणून संगमरवरी राजाच्या पायामागे झाडाचा बुंधा, स्तंभाचा तुकडा अथवा जमिनीपर्यंत लोळणारा झगा असतो. तलवार मांडीला चिकटलेली असते आणि हात छातीशी किंवा कमरेशी असतात. आपण ज्याला राजाची भारदस्त ऐट म्हणतो, तिचा बराचसा भाग या दगडाच्या अशक्तपणातून आलेला आहे. सरफोजीराजांचा नमस्कारही या दृष्टीने शिल्पकाराच्या पथ्यावर पडणारा होता.

अश्वारूढ पुतळ्याची गोष्ट निराळी. घोड्याचे चार बारीक पाय संगमरवरात स्वाराचा भार पेलू शकत नाहीत; तेथे ब्राँझच लागते. पुण्यात श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात १९२८ मध्ये उभा राहिलेला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा विनायक पांडुरंग करमरकर यांनी ब्राँझमध्ये घडविला, तो याच कारणाने. मोहिमेवर निघालेला राजा धातूत आणि दरबारात स्थिरावलेला राजा संगमरवरात, अशी वाटणी जगभर आढळते.

खंडेरावांचा नजराणा

मराठी संस्थानिकांनी संगमरवरात केवळ स्वतःलाच घडविले असे नाही. सार्वभौम सत्तेची प्रतिमाही त्यांनीच आपल्या पैशाने उभारली. मुंबईतील व्हिक्टोरिया राणीचा बैठा पुतळा हे त्याचे ठळक उदाहरण. मॅथ्यू नोबल या इंग्रज शिल्पकाराने तो घडविला. त्याच्यावर गॉथिक पद्धतीचे उंच, नक्षीदार छत्र होते. सर्व मिळून त्या काळचे पावणेदोन लाखांहून अधिक रुपये खर्च झाले आणि त्यातील फार मोठा भाग बडोद्याचे खंडेराव गायकवाड यांनी दिला. १८७२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक याच्या हस्ते अनावरण झाले. परंतु तो दिवस पाहावयास खंडेराव हयात नव्हते. ते नोव्हेंबर १८७० मध्येच वारले होते.

दरबारात वरिष्ठासमोर नजराणा ठेवणे ही आपल्याकडील जुनी चाल होती. मोहरा, घोडा, शालजोडी यांऐवजी खंडेरावांनी राणीला तिचीच प्रतिमा नजर केली, असे म्हणता येईल. नजराण्यात देणाऱ्याचीही प्रतिष्ठा असते. मुंबईच्या हमरस्त्यावर राणीचे छत्र दिसेल तेथे बडोद्याच्या औदार्याचीही चर्चा होणार, हा हिशेब त्यात असलाच पाहिजे. मात्र या हिशेबाचा संस्थानाला राजकीय लाभ झाला असे दिसत नाही. अनावरणानंतर तीनच वर्षांनी, १८७५ मध्ये, खंडेरावांचे बंधू मल्हारराव यांना ब्रिटिश सरकारने पदच्युत केले.

पुतळा म्हणजे प्रत्यक्ष सत्ताधीश, ही समजूत जितकी उभारणाऱ्यांची तितकीच विरोधकांचीही होती. ऑक्टोबर १८९६ मध्ये एका रात्री या शुभ्र राणीच्या तोंडावर डांबर ओतले गेले आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली गेली. हे कृत्य चिंचवडच्या दामोदर व बाळकृष्ण चापेकर या बंधूंचे होते, हे पुढे दामोदरपंतांच्या कथनावरून उघडकीस आले. २२ जून १८९७ रोजी, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाच्या रात्री, गणेशखिंड रस्त्यावर रँडचा वध झाला. पुतळ्यावरील डांबरापासून त्या रात्रीपर्यंतचे अंतर आठ-नऊ महिन्यांचे आहे. दामोदरपंतांना १८९८ मध्ये फाशी झाली.

डांबर काढण्याचे काम सोपे नव्हते. संगमरवर गुळगुळीत दिसला तरी सच्छिद्र असतो. तेलकट पदार्थ त्याच्या सूक्ष्म रंध्रांत शिरतो, आणि घासल्यास आणखी खोल जातो. आम्ल वापरावे तर डागाआधी दगडच विरघळतो. शेवटी त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर या नामवंत रसायनशास्त्रज्ञांनी पुतळा स्वच्छ केला. गज्जर हे आधी बडोद्याच्या कलाभवनाशी संबंधित होते. पुतळ्याचा पैसा बडोद्याचा आणि त्याचा डाग काढणाराही बडोद्याशी नाते असलेला, असा हा योगायोग.

आर्नो नदीच्या काठी कोल्हापूरचे महाराज

खंडेराव गायकवाड वारले त्याच महिन्यात, ३० नोव्हेंबर १८७० रोजी, दुसरा एक मराठी राजा इटलीत निवर्तला. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडचा प्रवास आटोपून परतत असताना फ्लॉरेन्स येथे आजारी पडले. वय अवघे वीस वर्षांचे. नगराच्या अधिकाऱ्यांच्या विशेष परवानगीने आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना हिंदू पद्धतीने अग्नी देण्यात आला. संगमाची जागा निवडली गेली, यातच बरोबरच्या मंडळींचे दुःख आणि दक्षता दोन्ही दिसतात.

त्या जागी १८७४ मध्ये स्मारक झाले. वर हिंदी धाटणीची छत्री आणि तिच्याखाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट या वास्तुविशारदाचा, तर अर्धपुतळा फ्लॉरेन्समध्येच राहणाऱ्या चार्ल्स फ्रान्सिस फुलर या इंग्रज शिल्पकाराचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा आणि बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा यांचे आराखडे करणारा मँट तो हाच. बैठकीवर चार भाषांत लेख आहेत. फ्लॉरेन्सचे लोक या जागेस ‘इंदियानो’ म्हणून ओळखतात आणि जवळच आर्नोवर १९७० च्या दशकात बांधलेल्या मोठ्या पुलालाही तेच नाव मिळाले आहे.

कराराच्या खाणी या शहरापासून दूर नाहीत. हिंदुस्थानच्या राजवाड्यांसाठी ज्या प्रदेशातून संगमरवर निघत होता, त्याच प्रदेशात एका मराठी राजाचे स्मारक व्हावे हे विशेष आहे. आणि येथील शिल्पकाराने युरोपीय शुभ्रता सोडून रंगाचा आश्रय घेतला, हे त्याहून विशेष. त्वचेचा वर्ण, पागोटे, मोत्यांचे सर यांशिवाय हा राजा राजा वाटणार नाही, असे त्याला वाटले असावे. तंजावरच्या पुतळ्यात पांढऱ्या दगडाने राजाला कॉर्नवॉलिसच्या पंक्तीस बसविले. फ्लॉरेन्सच्या पुतळ्यात रंगाने त्याला आपल्या देशाचे ठेवले.

पुतळ्याचा देव होतो तेव्हा

पाश्चात्त्य व्यक्तिशिल्प पाहण्यासाठी असते. आपल्याकडील मूर्ती सेवेसाठी असते. या दोन कल्पनांचा संगम शिंदे घराण्याच्या स्मारकांत झालेला दिसतो. महादजी शिंदे १७९४ मध्ये पुण्याजवळ वानवडी येथे वारले, आणि तेथील छत्री पुणेकरांच्या परिचयाची आहे. मध्य प्रदेशातील शिवपुरीच्या छत्र्या इकडे तितक्या परिचित नाहीत. तेथे राजमाता सख्याराजे आणि त्यांचे पुत्र माधवराव शिंदे यांच्या छत्र्या समोरासमोर आहेत. माधवराव १९२५ मध्ये पॅरिस येथे वारले. त्यांची छत्री शुभ्र संगमरवराची असून तिच्यावर रंगीत दगडांचे जडावकाम आहे. आत मायलेकांच्या संगमरवरी प्रतिमा आहेत. या प्रतिमांना वस्त्रे नेसविण्याचा, नैवेद्य दाखविण्याचा आणि त्यांच्यापुढे गायनसेवा करण्याचा प्रघात तेथे चालत आला आहे.

युरोपातील संगमरवरी पुतळ्याची बुबुळे बहुधा कोरी असतात किंवा नुसती खोलगट केलेली असतात; आपल्या मूर्तीला डोळे उघडल्याशिवाय प्राण येत नाही. शिवपुरीला जाणाऱ्याला हा फरक तत्काळ जाणवतो. तेथे पुतळा हे राजाचे चित्र राहत नाही. तो स्वतःच यजमान होतो, आणि पाहुणा पादत्राणे बाहेर काढून आत जातो.

म्हात्रे यांची शिल्पशाळा

या सर्व कामात हिंदी शिल्पकाराला जागा मिळावयास मात्र फार वेळ लागला. मागणी मराठी राजांची, पैसा मराठी रयतेचा आणि शिल्पकार लंडनचा किंवा व्हेनिसचा, असा क्रम होता. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी व्हेनिसचा फेलिची हा शिल्पकार बोलावण्यात आला. हा क्रम मोडण्यास आरंभ केला तो गणपतराव काशिनाथ म्हात्रे यांनी. त्यांचा जन्म पुण्याचा, १८७६ सालचा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकत असता १८९६ मध्ये त्यांनी केलेली ‘मंदिरपथगामिनी’ ही प्लास्टरची प्रतिमा देशभर गाजली. पुढे व्यक्तिशिल्पांची कामे त्यांच्याकडे आली. अहमदाबादचा व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा त्यांचाच. ज्या वर्षी एका मराठी तरुणाने राणीच्या पुतळ्याला डांबर फासले, त्याच वर्षी दुसऱ्या मराठी तरुणाने अशी कला सिद्ध केली की पुढे राणीचा पुतळा घडविण्याचे काम त्याच्याकडे यावे. दोन्ही गोष्टी त्या काळाच्याच.

म्हात्रे यांच्या हयातीतच पुतळ्याचा विषय बदलत गेला. न्यायमूर्ती रानडे यांचा मुंबईतील पुतळा त्यांनी घडविला. पुण्याच्या मंडईत १९२४ मध्ये लोकमान्य टिळकांच्या पुतळ्याचे अनावरण मोतीलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. बैठक, पायऱ्या, अनावरणाचा पडदा हे सगळे राजांच्या पुतळ्यांकडून घेतलेले होते. त्यावर उभा राहणारा माणूस मात्र निराळा होता.

आजची स्थिती

मुंबईच्या रस्त्यांवरील ब्रिटिश काळचे पुतळे १९६५ मध्ये हलविण्यात आले आणि त्यांतील बरेचसे भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे आजच्या जिजामाता उद्यानात व तेथील वस्तुसंग्रहालयाच्या आवारात आले. व्हिक्टोरिया राणी, कॉर्नवॉलिस, वेलस्ली हे सारे आता छत्रावाचून उभे वा बसलेले आढळतात. काहींचे अवयव तुटलेले आहेत. शेजारच्याच डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालयात प्रिन्स अल्बर्टचा, डेव्हिड ससून यांनी दिलेला आणि नोबल यानेच घडविलेला संगमरवरी पुतळा मात्र छपराखाली असल्याने उत्तम स्थितीत आहे. जीर्णोद्धारानंतर हे संग्रहालय २००८ मध्ये पुन्हा खुले झाले. त्याआधी २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत वारसा पुरस्कार त्यास मिळाला होता. घरातील आणि उघड्यावरील संगमरवर यांत काय फरक पडतो, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने एकाच फेरीत हे दोन्ही पुतळे पाहावेत.

फरकाचे कारण रासायनिक आहे. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. धुरातील गंधकयुक्त वायू पावसात मिसळून आम्ल बनते, आणि त्यामुळे दगडाच्या पृष्ठभागाचे जिप्सममध्ये रूपांतर होते. हे जिप्सम पाण्याबरोबर धुऊन जाते, अथवा आडोशाच्या जागी काजळी धरून काळा पापुद्रा बनवते. पापुद्रा सुटला की त्याबरोबर नाकाचा शेंडा, पापणीची कड, बोटांची नखे निघून जातात. व्यक्तिशिल्पाचा सारा प्राण या एक-दोन मिलिमीटरांत असतो. दगडातील जोडांच्या लोखंडी खिळ्यांना गंज चढला की ते फुगतात आणि आतून दगड फोडतात.

म्हणूनच गावोगावच्या जुन्या संगमरवरी अर्धपुतळ्यांची आणि समाध्यांवरील शिलापट्टांची काळजी घेताना काही गोष्टी पाळणे अगत्याचे आहे. जयंती-पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी फरशी धुण्याचे आम्ल किंवा लिंबू-चिंच लावून पुतळा चकाकविण्याची पद्धत फार घातक आहे. त्या दिवशीची चकाकी पुढील पन्नास वर्षांची झीज एकदम करून टाकते. तेलरंग लावल्यास दगडातील ओल आत कोंडते आणि पृष्ठभाग सुटतो. हार-फुले आणि गुलाल ओल्या दगडावर राहू दिल्यास त्यांचे डाग रंध्रांत उतरतात. मऊ ब्रश, स्वच्छ पाणी, आणि धुतल्यावर सुक्या सुती कापडाने टिपणे, एवढेच घरगुती उपचार करावेत. पक्ष्यांची विष्ठा ताजी असतानाच काढावी. तडा दिसल्यास सिमेंट भरू नये, कारण सिमेंटमधील क्षार दगडात शिरतात. अशा वेळी पुरातत्त्व विभागाच्या किंवा संग्रहालयाच्या संवर्धन-तज्ज्ञाला विचारावे. वाघोलीसारख्या ठिकाणच्या काळ्या पाषाणाला आम्लाचे भय इतके नाही, पण तेलरंगाचा आणि सिमेंटचा धोका त्यालाही तेवढाच आहे.